बेसचं बटण

सूनबाई आज सकाळी मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून गाणं ऐकत पोळ्या लाटत होती. अशाने आवाज फुगतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्या पायाचा ठेका पाहून मिटलं.

आमचा अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला, मीटर लावून तपासलेला. कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, तबला छातीत घुमायला हवा असे. ती बेसचं बटण पूर्ण फिरवायची, मी ते मध्यावर आणायचो. शेवटी मी ते गोंदाने चिकटवलं आणि ‘अडकलंय’ म्हणून सांगितलं. ती शेजारणीकडे गाणी ऐकायला जाऊ लागली. आवाज यंत्रातून कसा निघाला ते मीटर सांगतो. माणसात कुठवर पोचला, ते नाही.

आज कुमुदला खरं सांगून टाकलं.

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे तीस वर्षं मी त्या शेजारणीचा पांचट चहा उगाच प्यायले. सोडवा आता ते.”

सुरी गरम करून मी बटण सोडवलं. तिने गाणं लावलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. तबला हवा त्याच्या दुप्पट घुमू लागला. कुमुदने तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि मला बसायला जागा केली.