रिकाम्या पोटी

औषधशास्त्र विभागातल्या डॉक्टरबाईंना विद्यार्थी मागे ‘ठिणगी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणोत बापडे! माणसाच्या रक्तात औषध किती उतरलं हे मोजायचं काम. तिथे गोडगोड बोलून भागत नाही, असं त्यांचं मत.

एकदा त्यांचा पारा चढवला तो एका निवृत्त बसड्रायव्हरने. उतारवयातल्या पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरच्या एका महागड्या औषधावर काम चाललं होतं. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या, असं डबीवर ठसठशीत छापलेलं. आणि हे महाशय भरपेट न्याहारी हाणून मग गोळ्या गिळून बसले. वर म्हणतात कसे, “बाई, उपाशीपोटी मला गरगरतं हो!” बाईंनी त्यांना असं फैलावर घेतलं, की पलीकडच्या वॉर्डातले पेशंट उठून बसले. मग चूक पुराव्यानिशी पदरात घालावी म्हणून त्यांचं रक्त मुद्दाम तपासायला लावलं.

पुराव्याने बाईंनाच खोटं पाडलं. भरल्या पोटी औषध रक्तात कितीतरी पट जास्त उतरलं होतं. म्हणजे उपाशी माणूस घरदार विकून जे गिळत होता, त्यातलं बहुतेक वाया जात होतं! जेवणाबरोबर पाव मात्रा पुरेल की काय?

कंपनीचा माणूस खुर्चीत रेलून म्हणाला, “असेलही मॅडम. पण आमच्याच गोळ्या कमी खपाव्यात म्हणून पैसे आम्ही घालायचे?”

“चालते व्हा!” बाई ओरडल्या. तो हसत गेला. ते हसणं त्यांच्या डोक्यात गेलं ते कायमचंच.

मग हॉस्पिटलच्या समितीशी भांडून, याच्या त्याच्या विनवण्या करून त्यांनी चाचणी उभी केली. काही पेशंटना पूर्ण मात्रा उपाशीपोटी, काहींना पाव मात्रा जेवणाबरोबर. निकाल हाती येईपर्यंत चाचणीबाहेर कोणालाही पाव मात्रा सुचवायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घातला. अंदाजावर माणसं मारायची नसतात.

आणि नेमका दादाला तोच आजार निघाला. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. दुसऱ्या गावात शिंप्याचं दुकान चालवायचा, तिथल्याच डॉक्टरांकडे औषध घ्यायचा. “पैसे पाठवू का?” विचारलं की म्हणायचा, “हात चालतोय माझा, तू नको काळजी करू.” बाईंनी फोनवर त्याला सज्जड दम भरला होता, “सगळ्या गोळ्या घ्यायच्या. आणि रिकाम्या पोटी! चहाचा घोट जरी गेला, तर गाठ माझ्याशी आहे.”

“यापेक्षा स्वस्तातलं काही नाही का हो वन्सं?” वहिनी एकदा दबक्या आवाजात म्हणाली.

“अजून नाही,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून स्वतःवरच धुसफुसत राहिल्या.

निकाल लागला. जेवणाबरोबरची पाव मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीस तोड ठरली. त्या कंपनीवाल्याच्या नाकावर टिच्चून! बाई कागद पर्समध्ये कोंबून थेट दादाच्या घरी गेल्या.

दादा उशीला टेकून बसला होता. आजार पाठीच्या कण्यापर्यंत गेल्याचं परवाच कळलं होतं. “इतकं महागाचं औषध घेऊनसुद्धा?” म्हणून वहिनी डोळे पुसत होती.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. दादा ऐकत राहिला, मग कसंनुसं हसला. त्याने उशाशेजारच्या शिलाई मशीनच्या खणातून बटणांचा डबा काढला. आत गोळ्यांचे पाव पाव तुकडे होते, कपडा बेतावा तसे नीट कापलेले.

“मी पहिल्यापासून पावच घेतोय,” तो म्हणाला. “सगळ्या आणायच्या तर हे मशीन विकायला लागलं असतं. मग शिवलं कशावर असतं?”

वहिनी तोंडाला पदर लावून खाली बसली. पाव मात्रा! “दादा, जेवून घेत होतास ना?”

“छे गं! तुझी ताकीद होती ना? तेवढी तरी पाळायला नको? पहाटे उठून, अगदी उपाशी.”

बाईंना राग आवरेना. डबीवर ‘रिकाम्या पोटी’ छापणाऱ्यांचा राग, त्या हसणाऱ्याचा राग, स्वतःच्या नियमाचा आणि त्याहून स्वतःच्या जिभेचा राग. आयुष्यभर कोणाचं न ऐकणारा हा माणूस, नको तिथे धाकट्या बहिणीचं ऐकून बसला होता. आता या पाव गोळीचा किती उपयोग, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळत होतं.

“वहिनी, ताट वाढ,” त्या ओरडल्या. “जेव, दादा. माझ्यासमोर जेव. मग गोळी.”

“ओरडू नकोस गं,” दादा म्हणाला, आणि भूक नसतानाही मुकाट्याने जेवायला बसला.