थांब ना ताई

माझ्याकडे न बघता ती डाव्या हाताचा तळवा वर करायची आणि म्हणायची, “थांब ना ताई. त्याला बोलू दे.”

तिच्यासमोर कोणी माणूस बसलेला नसायचा. असायचं ते टेक्ससमधल्या आमच्या अर्विंगच्या लॅबमधलं कपाटाएवढं यंत्र, मोबाइलच्या टॉवरच्या पायथ्याशी बसवतात तसलं. त्याचे पंखे घरघरत असायचे आणि ही बाई खुर्चीवर मांडी घालून, एका कानात इअरफोन अडकवून, एखादा लाजरा पाहुणा आता काहीतरी सांगेल अशा आशेने त्याच्याकडे बघत बसलेली असायची.

तिचं नाव सांगत नाही. कुठून तरी हे तिच्या कानावर जाईल, ती खूश होईल, आणि तिला खूश करायची माझी अजून तयारी नाही. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. त्याने हात लावला की अडलेला प्रिंटर सुरू होतो, रुसलेलं मूल जेवायला बसतं, खडूस मॅनेजर हसतो. आपण तेच सगळं घाम गाळून करतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही. अशा माणसाच्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये मी तीन वर्षं काढली. माझी बाजू कोणी ऐकली नाही, म्हणून तुम्हाला ऐकवते.

मंदीत आमची अर्धी लॅब रिकामी झाली, त्यातून मी वाचले होते. पूर्वी आमच्याकडे माणसं दोन हातांत दोन फोन घेऊन दिवसभर कॉल लावत बसायची आणि यंत्र नीट चालतंय का ते तपासायची. ते काम आता संगणकाने आपलं आपण करायचं ठरलं. पत्र्याच्या डब्यांत फोन ठेवायचे. संगणकाने एकाला कॉल लावायला सांगायचं, दुसऱ्याला उचलायला सांगायचं, बोलणं पोचलं की नाही ते बघायचं आणि फोन ठेवायचा. ही सगळी व्यवस्था उभी करायचं काम मला मिळालं होतं. मी ते मागून घेतलं होतं. केबलींना माझ्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आणि तरी स्क्रीनवर मधूनच लाल रेघा उमटायच्या. कॉल का फसतात ते कळेना.

अशात ती आली. नागपूरची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, ओहायोतल्या कुठल्याशा कॉन्ट्रॅक्टवरून. पहिल्याच दिवशी मला ताई म्हणाली. मायेने म्हणाली असेल, पण सगळ्या लॅबला माझं वय कळलं.

आल्यावर तिने काय करावं? काहीच नाही. दिवसभर यंत्रासमोर बसून राहिली. मी दोनदा विचारलं, “काही डॉक्युमेंट देऊ का?” दोन्ही वेळा तळवा वर. संध्याकाळी म्हणाली, “ताई, तू त्याला एक गोष्ट विचारते, अन् तो तोंड उघडत नाही तोवर पुन्हा विचारते. घाबरून जाते ना तो बिचारा.”

झालं होतं एवढंच, की यंत्र एकदा बंद करून चालू केलं की त्याला पूर्ण जागं व्हायला वेळ लागायचा. चाचण्या लवकर उरकाव्यात म्हणून मी वाट बघायची मुदत कमी ठेवली होती. उत्तर आलं नाही की संगणक पुन्हा तोच हुकूम सोडायचा. तिने एका चौकटीतला एक आकडा वाढवला. सकाळी स्क्रीन वरपासून खालपर्यंत हिरवा. मॅनेजर डोनट घेऊन आला आणि म्हणाला, हिच्या हातात जादू आहे. जादू! बाकीच्या शंभर चौकटी मी भरल्या होत्या, त्याचं काही नाही.

तिचे दोष सांगायला मला आवडेल. ती कधी वेळेवर आली नाही. गाडी अशी चालवायची की शेजारी बसणाऱ्याचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. डेस्कवर अर्धवट प्यालेल्या कॉफीचे कप मांडलेले असायचे आणि जेवणाचा डबा ती बहुतेक घरी विसरायची. मग माझ्या डब्यातली पोळी खायची आणि वर म्हणायची, “ताई, मस्त झाली ना, पण तिखट काहून नाही टाकत तू?”

ती आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायची, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला. माझा नवरा सोमवारी सकाळी प्रोजेक्टसाठी विमानाने ॲरिझोनातल्या चँडलरला जायचा तो गुरुवारी परत यायचा. माझी मीटिंग लांबली की माझ्या मुलीला शाळेनंतरच्या डेकेअरमधून ती घेऊन यायची. सोय होती, नाकारायला कारण नव्हतं. कारण मी शोधलं होतं, सापडलं नाही.

आता मुलीचं सांगते, कारण मुद्दा तोच आहे. सात वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, बोलायची इंग्रजीत. आमच्या घरी शुद्ध बोलायची शिस्त होती, आणि माझ्या मुलीने माझ्याशी माझ्या भाषेत बोलावं, यापलीकडे तेव्हा मला देवाकडे काही मागायचं नव्हतं. रोज प्रयत्न करायची मी.

“Mom, दूध please.”

“आई, मला दूध देतेस का, असं म्हण.”

“आई, मला दूध दे...”

“देतेस का.”

“Never mind, Mom.”

नेव्हर माइंड ती फार लवकर शिकली होती.

एकदा मुलीला आणायला मी तळ्याला वळसा घालून त्या बाईच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, “मावशी, पाहा ना! तो बदक पळून राहिला!” मी तिथेच थांबले. पूर्ण वाक्य होतं. वर नागपुरी होतं, आणि बदकाला तो म्हटलं होतं, पण माझ्या मुलीचं होतं. पुढे काही ऐकू येईल म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले. मग आपण आपल्याच मुलीचं चोरून ऐकतोय याची लाज वाटली आणि बेल दाबली.

“Hi, Mom,” मुलगी म्हणाली.

त्याच महिन्यात कॉम्प्लेक्समधल्या मराठी लोकांचं पॉटलक होतं. माझी मुलगी पोह्यांतली कोथिंबीर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवते. तिने त्या दिवशी या बाईने केलेली सांबारवडी खाल्ली, चार. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती वडी म्हणजे आत ठासून कोथिंबीरच. मी केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा मी जवळपास तसाच परत आणला. रात्री पोळी फ्रीजमध्ये ठेवताना मला चक्क रडू आलं. पुरणपोळीवरून कोणी रडतं का? पण रडले.

त्यानंतर ते रेकॉर्डिंग आलं. आमची यंत्रं महाराष्ट्रात बसणार होती. एका फोनमध्ये बोललेलं दुसऱ्या फोनपर्यंत किती धड पोचलं, हे आमची व्यवस्था मोजायची आणि गुण द्यायची. त्यासाठी आधी रेकॉर्ड केलेली वाक्यं होती, पण ती इंग्रजीत. तिकडच्या कंपनीने कळवलं, आमच्या लोकांच्या भाषेत तपासा. पुरुषाचा आवाज, बाईचा आवाज आणि लहान मुलाचा आवाज हवा होता.

बाईचा आवाज पहिल्यांदा माझाच घेतला. मी चार वाक्यं सुरेख म्हटली. ती ऐकून म्हणाली, “ताई, एकदम बातम्या देऊन राहिली तू.” मग तिचा घेतला.

लहान मुलासाठी तिने विचारलं, “तुझ्या लेकीला घेऊ?”

मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं ते सांगते. तिच्या घरी बदकं बघत बडबडणं वेगळं, लॅबमध्ये मायक्रोफोनसमोर बोलणं वेगळं. माझी पोर गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर गेली की तोंडाला कुलूप लावते. म्हटलं, हिची जादू इथे कशी चालते ते एकदा बघूच दे.

शनिवारी सकाळी गेलो. लॅबच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, बाहेरचे सिग्नल आत येऊ नयेत म्हणून बांधलेली. तिचं जाड दार लावलं की काही ऐकू येत नसे. मी मुलीला शिकवून ठेवलेली वाक्यं पुन्हा एकदा म्हणून घ्यायला लागले, तर माझ्यापुढे तळवा आला. “थांब ना ताई. इथेच बैस.” दार बंद झालं. मी बाहेर बसून कुणाच्या तरी टेबलावरचं जुनं मासिक चाळत राहिले. बऱ्याच वेळाने दोघी हसत बाहेर आल्या.

“झालं?” मी विचारलं.

“झालं ना. मस्त बोलली.”

काय बोलली, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला ते तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

वर्षभराने ती गेली. कोणी काढलं नाही तिला. मॅनेजरने तर हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. यंत्रं बसवायला भारतात जायचं होतं, ती गेली आणि तिकडेच नोकरी धरणार म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला जेवायला बोलावलं. मुलगी झोपल्यावर म्हणाली, “मन नाही लागून राहिलं ताई इथे. तुझ्या घरी दार उघडलं की कोणी मॉम म्हणते, कोणी भांडते. माझ्या घरी फ्रीजचा आवाज असते फक्त. मला तर कधी कधी तुझा इतका हेवा वाटते ना!”

तिला माझा हेवा वाटावा, हेसुद्धा मला आवडलं नाही. हेवा करणं, एवढी एक गोष्ट तरी माझी होती.

ती गेल्यावर चाचण्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे परत आली. कपाट तेच, केबलींवरच्या चिठ्ठ्या माझ्याच. तिची खुर्ची मात्र मॅनेजरने दुसऱ्या कोणाला दिली नाही, आणि मीही तिच्यावर बसले नाही. एका दुपारी लहान मुलाच्या आवाजाचे गुण अचानक घसरले. फोन बदलून पाहिला, केबल बदलून पाहिली. शेवटी मूळ रेकॉर्डिंगच बिघडलंय का, ते ऐकणं भाग होतं. तोवर मी ते कधी ऐकलं नव्हतं. स्क्रीनवर आकडे दिसायचे, तेवढ्यावर माझं काम भागत होतं.

काटछाट न केलेली फाइल लावली. आधी तिचा आवाज. “मी थांबून आहे. तुला वाटेल तेव्हा बोल.” मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की फाइल अडकली असं वाटून मी बटणाकडे हात नेला. मी आत असते तर तेवढ्यात तीन वेळा “बोल ना, बाळा” म्हणून झालं असतं. हो, कळतंय मला तुम्ही काय म्हणताय ते.

मग मुलगी बोलली. “आईचा चहा थंडा होते. मग ती पुन्हा गरम करते. मग पुन्हा विसरून जाते.” दोघी हसल्या. पुन्हा शांतता. “आईला मराठी खूप आवडते. पण मी तिच्याशी नाही बोलत.”

मावशीने का म्हणून विचारलं नाही. ती थांबली.

“मी चुकली ना, तर तिचा चेहरा असा होते.”

कसा, ते रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही. थोडा वेळ नुसती शांतता आहे. त्या वेळात माझ्या मुलीने माझा चेहरा करून दाखवला असणार. या खेपेला हसली ती फक्त मुलगी. मावशी हसली नाही. मी ते तीनदा ऐकलं.

वाईट तर वाटलंच. पण आधी काय वाटलं विचाराल, तर हेवाच वाटला. ते सगळं माझ्याबद्दल होतं, आणि मला सांगितलेलं नव्हतं. चाचणीसाठी तिने चहाची वाक्यं कापून घेतली होती, बाकीचं कुठे वापरलं नव्हतं, मला सांगितलंही नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये बिघाड नव्हता. त्या आवाजाच्या वाटेवरचा एक जोड सैल झाला होता, तो घट्ट केला. पत्र्याच्या डब्यातला एक फोन दुसऱ्याला माझ्या चहाची गोष्ट सांगू लागला, आणि दुसरा मुकाट्याने ऐकत होता.

त्या दिवशी डेकेअरमधून मुलीला घेतलं. ती मागे बसली, पट्टा लावला. “शाळेत काय काय झालं?” मी विचारलं आणि गप्प राहिले. पहिला सिग्नल गेला. किराणा दुकान मागे पडलं. तोंडाशी आलेलं मी दोनदा गिळलं. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आरशात माझा चेहरा तिलाही दिसतो. कॉम्प्लेक्सच्या फाटकातून आत वळलो. तळ्यावर बदकं होती.

“आई,” मागून आवाज आला. मी गाडी हळू केली.

“मावशी कधी येऊन राहिली?”

तिने मला आपणहून विचारलेलं ते पहिलं पूर्ण मराठी वाक्य.