नमुना खोलीतली शिवरंजनी

रोज सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी शिवरंजनी एका पलंगावरची चादर ताणून सरळ करायची. उशी थोपटायची, उशाशी ठेवलेल्या कापडी अस्वलाचं तोंड दाराकडं वळवायची आणि खोलीला कुलूप लावून किल्ली हाऊस मदरना नेऊन द्यायची. त्या पलंगावर आजवर कोणी झोपलेलं नव्हतं. काळ्या रानातली धूळ मात्र तिथं रोज नियमानं मुक्कामाला यायची.

ही नमुना खोली. प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना दाखवायची. दोन पलंग, दोन टेबलं, निळे पडदे, भिंतीवर जगाचा नकाशा. मुली खरोखर झोपायच्या त्या हॉलमध्ये लोखंडी दुमजली खाटांच्या रांगा होत्या, आणि नकाशा म्हणायचा तर छतावर ओलीनं काढलेला. पालकांना तो हॉल दाखवत नसत, कारण मुलींच्या खासगीपणाचा संस्थेला फार आदर होता. आदर टिकून राहावा म्हणून हॉलच्या दारावर कॅमेरा बसवलेला होता.

शाळेचं नाव एव्हरग्लो व्हॅली इंटरनॅशनल. पेडगावच्या पुढं, कापसाच्या सपाट रानात. व्हॅली म्हणावी असा खड्डा एकच, शेततळ्यासाठी खणलेला. आणि इंटरनॅशनल काय, तर न्हाणीघरातल्या नळांवर इंग्रजीत 'हॉट' लिहिलेलं होतं. त्यातून पाणी मात्र स्थानिक यायचं. चेअरमन व्यंकटरावांची आधी खतं-बियाण्यांची एजन्सी होती. तेव्हा ते बियाण्याच्या उगवणीची हमी द्यायचे, आता पोरांच्या. पीक फसलं तर दोष जमिनीचा, हे कलम दोन्ही धंद्यांत सारखंच होतं.

आठवीतल्या शिवरंजनीला त्यांनी शाळेची 'अ‍ॅम्बॅसिडर' केलं होतं, कारण हसली की तिच्या गालाला खळी पडायची. पालकांबरोबर फिरायचं, आणि विचारलं की सांगायचं, "इथं आम्ही सगळे एक कुटुंब आहोत." त्याबद्दल छातीवर बिल्ला, आंघोळीच्या रांगेत पहिला नंबर आणि बुधवारी घरी एक जादा फोन. बाकीच्या मुलींना फोन फक्त रविवारी, तोही स्पीकरवर. शेजारी हाऊस मदर कुसुमबाई बसलेल्या असायच्या. बोलणं आमटीच्या पातळपणाकडं वळलं की कुसुमबाईंना खोकला यायचा. मुलींना या खोकल्याची इतकी सवय झाली होती की सुट्टीत घरी कोणी खोकलं तरी त्या मधेच गप्प व्हायच्या.

त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीलाही इथंच घालायचं घरी ठरायला लागलं. राणीसावरगावात तिच्या वडिलांचं, सांबप्पांचं, कापडाचं दुकान होतं. थोरली इंटरनॅशनलमध्ये शिकते हे त्यांनी एकूण एक गिऱ्हाइकाला सांगून झालं होतं, आता नवं सांगायला काहीतरी हवं होतं. धाकटी महेश्वरी पहिलीत जाणार होती.

ही बातमी आल्यापासून शिवरंजनी हवेत होती. तिच्या खालची खाट रिकामी होती. कपाटातला अर्धा कप्पाही तिनं मोकळा करून ठेवला.

"बहिणीला आणायलेत म्हणं तुझ्या?" शेजारच्या खाटेवरच्या निकितानं विचारलं. ती चुडाव्याची, जिभेनं फटकळ.

"हो."

"आन् तू खूश हुयलीस?"

"मला कुणीतरी पाहिजे की गं."

"मग मांजर पाळ. पहिलीतलं लेकरू कशाला पाहिजे तुला?"

शिवरंजनीनं तिच्याशी दोन जेवणं अबोला धरला.

मग प्रवेशाचा रविवार आला. माहितीपत्रकात घोडेस्वारी होती, त्यामुळं त्या दिवसापुरता परभणीहून घोडा आणलेला होता. घोडा वरातीतला. शाळेच्या बँडनं पाहुण्यांसाठी स्वागताची धून धरली आणि घोड्याला आपलं काम आठवलं. मान उडवत, पुढचे पाय आळीपाळीनं उचलत तो मैदानावर नाचायला लागला. त्याच्या पाठीवरचा सातवीतला पोरगा अंबारीतल्या देवासारखा डोळे मिटून बसला होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलीस का," सांबप्पा बायकोला म्हणाले, "जनावराला बी वळण लावलंय यांनी!"

"आमचा भरच सर्वांगीण विकासावर आहे," व्यंकटराव विनयानं म्हणाले.

 शिवरंजनीची आई चन्नबसम्मा घोड्याच्या खुरांना लागलेल्या गुलालाकडं बघत होत्या.

नमुना खोलीत शिरताच सांबप्पांनी पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मान डोलावली. दुकानात बाहेर टांगलेली साडी आणि आतल्या घडीतली साडी यांतला फरक त्यांनी जन्मात कुणाला कळू दिला नव्हता. इथं मात्र तेच गिऱ्हाईक होते.

"अक्का, तू हितं झोपतीस?" महेश्वरी पलंगावर चढून म्हणाली.

"हो," शिवरंजनी म्हणाली. खळी आपोआप पडली.

चन्नबसम्मांनी उशी उचलली, उलटी केली, पुन्हा होती तशी ठेवली. घरी या पोरीच्या उशीवरचा तेलाचा डाग सोड्यात भिजवला तरी निघत नसे.

"डोक्याला तेल लावतीस का न्हाई?"

"लावते की."

"बरं," आई म्हणाली, आणि मग बराच वेळ तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

महेश्वरीनं कुसुमबाईंना गाठलं. "मावशी, मला रात्री भ्या वाटलं तर कुणाला उठवायचं?"

"इथं कुणाला उठवावं लागत नाही बाळा. इथं सगळ्या मुली शिस्तीत झोपतात."

महेश्वरीनं यावर विचार केला. मग पलंगावरून उतरली आणि अक्काच्या स्कर्टचं टोक मुठीत धरून उभी राहिली. गेला आठवडाभर शिवरंजनीच्या डोळ्यांपुढं हीच मूठ होती. इथलं पाचवीतलं पहिलं वर्ष तिला या क्षणी आठवलं नाही. ते आठवायचं नाही, हे ती फार आधी शिकली होती. मुठीच्या आतला घाम तेवढा कापडातून मांडीला लागत होता.

"काय गं अ‍ॅम्बॅसिडर," सांबप्पा मोठ्यानं म्हणाले, बाजूच्या दोन-तीन पालकांनाही ऐकू जावं अशा बेतानं. "सांग तूच. घालू का हिला हितं?"

व्यंकटराव हसत उभे होते. कुसुमबाईंनी घसा साफ केला. 'आम्ही सगळे एक कुटुंब' हे वाक्य शिवरंजनीच्या जिभेवर तयार होतं. खरं काय ते सांगायचं तर अप्पांची मान इथंच खाली गेली असती, आणि तिला तर दहावीपर्यंत इथंच राहायचं होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "ही अजून अंथरुणात मुतती."



"मी?" महेश्वरी किंचाळली. "मी कवा मुतले? खोटारडी! आई, सांग की हिला!"

चन्नबसम्मांनी पदर सारखा केला. थोरलीकडं एकदा पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "रोज मुतती. गोधड्या वाळू घालू घालू जीव गेला माझा."

"मला तर कधी..." सांबप्पा चाचरले.

"तुमी दुकानात असता."

व्यंकटरावांची नजर पलंगावरच्या नव्या कोऱ्या गादीवर गेली आणि तिथून हलेना. "तशी सोय आमच्याकडं सगळी आहे," ते म्हणाले. "पण मुलीच्या मनाचा विचार करता, पुढच्या वर्षी... आम्ही घाई करत नाही." त्यांच्याच हॉलमध्ये लहान मुली पहाट व्हायच्या आत आपापल्या चादरी चोरून पिळायच्या. माहितीपत्रकात त्याला 'स्वावलंबन' म्हटलेलं होतं.

फाटकापर्यंत सांबप्पा एकटेच पुढं चालले. "चारचौघांत अब्रू घालवली," ते गाडीचं दार उघडत म्हणाले, पण नेमकी कुणी, ते त्यांना सांगता आलं नाही. महेश्वरी रडून रडून लाल झाली होती. अक्का जवळ आली तशी तिनं तोंड फिरवलं.

बिल्ला आता दुसऱ्या कुणाला जाणार, हे व्यंकटरावांच्या चालीवरूनच कळत होतं. नववीत दोन्ही गालांना खळ्या असलेली एक मुलगी होती.

"तुला कधी नेऊ?" चन्नबसम्मांनी हळूच विचारलं.

मागं कुसुमबाई खोकल्या.

"सुट्टी लागली की या," शिवरंजनी म्हणाली.

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. केस कोरडे होते. आई गाडीत बसली, गाडी सुरू झाली. महेश्वरीनं मागच्या खिडकीतून दंड बाहेर काढून फाटकाच्या दिशेनं मूठ उगारली.

शिवरंजनी दोन पावलं गाडीमागं गेली.

"महे," ती म्हणाली, "हात आत घे."