कातडं कमावणाऱ्यांचा नकाशा

माझ्या इंग्रज सासऱ्यांना रिटायर झाल्यापासून एकच खूळ लागलंय, स्वतःच्या आडनावाचं. त्या रविवारी मिल्टन कीन्सला आमच्या घरी जेवणं आटपतात न आटपतात तोच त्यांनी टेबलावर हा भलामोठा नकाशा पसरला. ग्रेव्हीचं भांडं मी कसंबसं वाचवलं.

"आमचे पूर्वज कातडी कमवायचे, त्यावरूनच आडनाव पडलं," ते रंगात येऊन सांगत होते. "इतका वास मारायचा की गावाने त्यांना बाहेर नदीकाठी काढलं!" मग यॉर्कशायरहून मँचेस्टर, तिथून पार ऑस्ट्रेलिया, लाल ठिपक्यांवरून त्यांचं बोट फिरत होतं. केवढा तो अभिमान! नवरा हसला, लेक हसली. मला मात्र खुर्चीत धड बसवेना.

कारण समोर माझे बाबा होते, पुण्याहून महिन्याभरासाठी आलेले. त्यांच्या वडिलांनीही गावकुसाबाहेर राहून मेलेल्या जनावरांची कातडी सोलली होती. धर्मांतर केलं तेव्हा ते काम सोडलं, पण आडनाव चिकटून राहिलं. ते ऐकलं की पुण्यात कुणी खोली देईना. शेवटी बाबांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं आडनाव घेतलं आणि आम्हा भावंडांना पढवून ठेवलं: कुणी खोदून विचारलंच, तर आपण शेतीवाडीवाले.

लेकीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलंच. "आजोबा, तुमचा आडनाव कुठून आला?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी प्लेटा उचलता उचलता इंग्रजीत सुरू झाले. जुनं घराणं, मोठी शेती, बैलजोड्या, काय नि काय. थापा मारायला काय लागतं! सासरे कौतुकाने मान डोलवत होते.

बाबांनी कचेरीत आयुष्यभर इंग्रजी कागद लिहिलेत. त्यांना सगळं कळलं. ग्लास खाली ठेवून ते मला मराठीत म्हणाले, "अगं, इथे कुणाकडे खोली मागायचीय आपल्याला?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. लाज वाटली, आणि रागही आला, त्यांचाच. शिकवलं कुणी हे मला?

त्यांनी लेकीकडून पेन घेतलं आणि नकाशाच्या कोऱ्या कोपऱ्यात आमचं जुनं आडनाव मराठीत लिहिलं. मग सासऱ्यांना सावकाश इंग्रजीत सांगितलं, "माझे वडीलही हेच काम करायचे. आम्हालाही गावाबाहेरच ठेवलं होतं. मी ते आडनाव टाकलं, कारण त्याने दारं बंद व्हायची."

सासऱ्यांचं बोट ऑस्ट्रेलियावर तसंच राहिलं.

"आई, आजोबांनी काय लिहिला?" लेकीला देवनागरी वाचता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांवर ते आडनाव मी कितीदा पाहिलं होतं, पण आजवर एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. तरी वाचलं.

"ऐकू नाही आलं," बाबा म्हणाले. "मोठ्याने म्हण."