विक्रीची घंटा

जळगावातली आमची कंपनी दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकते. सौदा झाला की विकणाऱ्याने पितळी घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या. माझ्या शेजारच्या टेबलावरचा तो मात्र तेवढ्यात चष्मा पुसत बसायचा. तक्रारींचे फोन त्यालाच घ्यावे लागायचे ना! ऑफिसात तो तोलूनमापून बोलायचा, फोनवर मोकळी अहिराणी.

परवा पारोळ्याच्या एका खतविक्रेत्यांनी पैसे भरण्याआधी त्याला फोन केला.

"नही आबा, साहेब काही बी सांगो. नेट गयं की हाई बंद पडस. लेऊ नका."

फोन ठेवून तो उठला आणि त्याने घंटा वाजवली. टाळ्या पडल्या.

"कोणी घेतलं?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही. एक गिऱ्हाईक वाचलं."

टाळ्या थांबल्या. मी एकटीच वाजवत राहिले.