डब्यातलं पोहणं

सहा वर्षांची असताना पोहणं कुठे असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. ते आमच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात होतं. सांगलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत काका आम्हा पोरांना कृष्णेवर न्यायचे, पाच लिटरचा तो डबा बूच घट्ट लावून पाठीला बांधायचे आणि पाण्यात सोडायचे. डबा पाठीवर असला की माणूस तरंगतो, सोडला की बुडतो. यात डोकं ते काय चालवायचं? थोडे दिवस बांधला की त्यातलं पोहणं अंगात उतरतं, मग डबा पुढच्या पोराला.

माझा घोर वेगळाच होता. माझ्याआधी तो डबा दोन चुलतभावांनी वापरला होता, आणि त्यातला थोरला महाहावरट. आमटीतले बटाटे वेचून खाणारा माझ्यासाठी पोहणं शिल्लक ठेवेल? त्यानं सगळं ओढून घेतलं असेल तर मी जन्मभर पायरीवर बसून कपडे सांभाळणार, या विचारानं मला रडूच यायचं. रोज मी डबा कानाशी धरून हलवायचे.

"काका, ह्यात हाय न्हवं अजून?"

"लय हाय. चल, उतर."

तीन आठवडे झाल्यावर डब्यात खरंच काहीतरी डुबुक डुबुक वाजू लागलं. मी निर्धास्त झाले.

एक दिवस मी झकास हातपाय मारत होते, तेवढ्यात पायरीवरून थोरला ओरडला, "अगं, डब्याला बूचच न्हाई!" बाहेर आल्यावर काकांनी डबा उलटा केला. भडाभडा पाणी आलं. डब्याचा आधार हळूहळू कमी व्हावा म्हणून गेला आठवडाभर रोज फुलपात्रभर पाणी आपणच त्यात ओतत होतो, असं ते हसत म्हणाले.

"म्हंजी, आत्ता पवत कोण हुतं?" मी रडवेली.

"तूच की गं."

मी जरा विचार केला आणि भयंकर चिडले. म्हणजे मला पहिल्यापासूनच येत होतं! यांनी उगाच महिनाभर पाठीला पत्रा बांधून ठेवला. घरी जाऊन मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, काकांनी मला काहीसुद्धा शिकवलेलं नाही. महिनाभर छातीएवढ्या पाण्यात माझ्या पोटाखाली हात धरून उभा राहिलेला तो माणूस तेव्हा दारात टॉवेल पिळत होता. आठवलं की आजही लाज वाटते.

"व्हय," काका म्हणाले, "आईच्या पोटातनंच शिकून आलीया ती."

मला ते लगेच पटलं.