शेजारच्या टेबलावरचा हेवा

आमच्या चर्चच्या महिला मंडळात ठरलं होतं, प्रत्येकीने ऑफिसातल्या एकीला तरी प्रभूबद्दल सांगायचं. प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं, ती साक्ष मी पाठ केली. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाईंना तीनदा प्रभूच्या वचनांच्या छापील पत्रिका दिल्या. त्यांनी त्या हसून घेतल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. आमच्याच मंडळातली शालिनी त्याच खोलीत बसते. तिने कुणाला कधी कागद दिलेला मी पाहिला नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत कुलकर्णीबाई माझ्या टेबलावरून पुढे गेल्या आणि शालिनीपाशी थांबल्या. "उद्या ह्यांचं ऑपरेशन आहे गं. तुझ्या देवाला सांगशील माझ्यासाठी?"

शालिनीने डबा बाजूला सारला आणि त्यांचा हात हातात घेतला. "आत्ताच सांगू या," ती म्हणाली.

त्यांचे यजमान आजारी आहेत हे मला तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं. सांगायची घाई असलेल्या माणसाजवळ कुणी आपलं दुःख कसं ठेवणार? हे कळत होतं, तरी आत जळत होतं. मीही डोळे मिटले, पण प्रार्थना सुचेना. तो हात माझ्या हातात का नाही, एवढंच मी देवाला विचारत राहिले.